९४ टक्के आणि पाव किलो भेंडी

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, जूनमध्ये दहावीत जाईल. आजवर ९० टक्क्यांच्या खाली आलेला नाही, आठवीच्या वार्षिकला ९४ पडले. पण घरात पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागतो. परवा साठ रुपये किलोची भेंडी पाव किलो आणायला पाठवलं, तर "किती पैसे द्यायचे ते आधी सांगून ठेव" म्हणाला. मिस्टर म्हणतात, आता तीन वर्षं फक्त अभ्यास, बाकी सगळं नंतर आपोआप येतं. सासूबाईंना मुलग्याने भांड्याला हात लावलेला खपत नाही. मी नोकरी करते. अभ्यासाचा वेळ न मोडता त्याला चार व्यवहाराच्या गोष्टी कशा शिकवू? आणि दहावी तोंडावर असताना शिकवाव्यात का? (एक आई, नाशिक)

उत्तर :

ताई, आधी तुमच्या मिस्टरांचं वाक्य घेऊ, कारण घरोघरी तेच ऐकू येतं. 'नंतर आपोआप येतं.' हे 'नंतर' मी बावीस वर्षं जवळून पाहिलंय. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल शिकवायचो आणि त्यातली बरीच वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. दर वर्षी शंभरेक नवी मुलं ट्रंका घेऊन यायची. हुशार, पाठांतराला पक्की, 'सर, सर' करणारी.

पहिल्या रविवारी नळावर जी गंमत चालायची ती अजून डोळ्यांपुढे आहे. एकाने बादलीत निम्मा पुडा पावडर ओतली, त्यात पांढरे शर्ट आणि नवा कोरा लाल टी-शर्ट एकत्रच बुडवला आणि जेवून येतो म्हणून गेला. संध्याकाळी दोरीवर सगळे शर्ट गुलाबी. दुसरा एक सांगलीकडचा मुलगा दर शनिवारी मळक्या कपड्यांची बॅग एसटीच्या कंडक्टरकडे सोपवायचा. बुधवारी धुऊन, इस्त्री करून परत. एका आईचा सकाळी साडेसहाला माझ्या ऑफिसात रोज फोन, "सर, जरा खोली चौदामधल्या आमच्या बाळाला उठवता का?" बाळाला मिशा होत्या.

पण खरं सांगायचं तर मिस्टर निम्मे बरोबर आहेत. कपडे धुणं, मॅगी करणं, गादी घालणं हे दिवाळीपर्यंत सगळ्यांना यायचं. हाताची कामं माणूस गरज पडली की शिकतो, त्याचा फार बाऊ करू नये. न येणारी गोष्ट वेगळीच होती. पैसे वीस तारखेलाच संपले, आता काय करायचं? रूममेटशी भांडण झालंय, कोणाशी बोलायचं? एका विषयात गटांगळी खाल्ली, घरी कसं सांगायचं? रविवारी समोर रिकामे आठ तास आहेत आणि वेळापत्रक द्यायला कोणी नाही. इथे ही मुलं अडायची आणि काही जण अडूनच राहायची. आजवर प्रत्येक अडचण कोणीतरी त्यांच्या पुढ्यातून उचलून नेली होती. 'हे माझं काम आहे आणि बिघडलं तर मीच निस्तरायचं' ही सवय वय वाढलं म्हणून लागत नाही.

आणि ही चूक मी स्वतःच्या घरात केलीय. बाहेर शंभर पोरांना शहाणपण शिकवणारा मी, माझ्या मुलाच्या बारावीच्या वर्षात त्याचं ताटसुद्धा टेबलावर नेऊन देत होतो. सायकलची हवा मी भरायची, परीक्षेचा फॉर्म मी भरायचा, झेरॉक्स मी काढायच्या. मार्क उत्तम पडले, तो दुसऱ्या गावी शिकायला गेला. दुसऱ्याच महिन्यात त्याला ताप आला आणि तो तीन दिवस खोलीत पडून राहिला. चौथ्या दिवशी त्याच्या मित्राने मला फोन केला. मी पोचलो तेव्हा ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. दवाखाना समोरच्या गल्लीत, चालत चार मिनिटं. "का गेला नाहीस रे?" तर म्हणाला, "बाबा, आत जाऊन काय म्हणायचं असतं तेच माहीत नव्हतं." केसपेपर काढायचा, नंबर लावायचा, डॉक्टरला किती दिवसांपासून काय होतंय ते सांगायचं, चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जायचं. हे त्याने अठरा वर्षांत एकदाही एकट्याने केलं नव्हतं. आम्ही करू दिलं नव्हतं.

तेव्हा आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे वेळाकडे येतो.

अभ्यास आणि व्यवहार हे तराजूचे दोन पारडे मानले की भांडण सुरू होतं. इकडे टाकलं की तिकडे कमी पडलं. पण प्रत्यक्ष मोजून बघा. सकाळी स्वतःचं अंथरूण काढायला दोन मिनिटं. शाळेतून आल्यावर डबा आणि पाण्याची बाटली घासून पालथी घालायला चार. जेवल्यावर ताट-वाटी विसळून ठेवायला दोन. रात्री दप्तर भरून गणवेश काढून ठेवायला पाच. सगळं मिळून पाव तासाच्या आत. नववीचा कुठलाही मुलगा मोबाईलवर रील बघत याच्या कितीतरी पट वेळ घालवतो आणि तो वेळ आपण 'अभ्यासातून मिळालेला विरंगुळा' म्हणून सोडून देतो. अडचण वेळाची असते ती आपल्या, मोठ्यांच्या. त्याने डबा घासला की चार मिनिटं जातात आणि कोपऱ्यात भाजीचा तेलकट थर राहतो. आपण घासला की एक मिनिटात लख्ख. नोकरी करणाऱ्या बाईला संध्याकाळी सात वाजता ती तीन मिनिटंसुद्धा जड असतात, हे मला कळतं. म्हणून सगळं एकदम सुरू करू नका.

एकच काम निवडा, पण ते पूर्ण त्याच्या नावावर करा. 'आईला मदत कर' असं म्हणू नका. मदत म्हटली की काम आईचं राहतं आणि तो उपकार करतो. 'बाजारची भाजी आजपासून तुझ्याकडे' असं म्हणा. मग काय आणायचं ते त्याने फ्रीज उघडून बघायचं, पिशवी त्याने शोधायची, पैसे त्याच्याकडे, हिशेब त्याच्याकडे. मेथी पिवळी आणली तर पिवळी मेथी खायची. विसरला तर त्या दिवशी घरात पिठलं. तुम्ही मागून गुपचूप जाऊन भाजी आणलीत, की सगळं मुसळ केरात.

भेंडीचाच धडा घ्या. साठचा एक चतुर्थांश पंधरा हे त्याला येत नाही असं थोडंच आहे? अपूर्णांक पाचवीतच झालेत. पण 'पाव किलो' हा शब्द आणि वहीतला १/४ या दोघांची भेट कधी झालेली नाही. ती भेट भाजीवालीच्या काट्यापाशी होते. पहिल्या दोन वेळा सोबत जा, पण चार पावलं मागे थांबा. भेंडीचं टोक मोडून बघायचं, कटकन मोडली तर कोवळी. टोमॅटो वरून लाल दिसला तरी देठापाशी दाबून बघायचा. निवडू देत नसेल तर 'मावशी, बघून घालते का जरा' म्हणायचं. हे बोलणं फार महत्त्वाचं आहे. अनोळखी माणसाशी, नम्रपणे पण न घाबरता, आपल्याला हवं ते बोलता येणं. ज्या मुलाला भाजीवालीशी बोलता येतं त्याला पुढे केसपेपरच्या खिडकीवरही बोलता येतं, आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांसमोरही.

पैसे मात्र पहिले काही महिने रोख द्या. फोनवरून पैसे गेले की मुलांना ते गेल्यासारखे वाटतच नाहीत. शंभराच्या नोटेचे वीस-वीस होत संपताना हाताला कळतं. आठवड्याची ठरावीक रक्कम, त्यातच वह्या-पेन, सायकलचं पंक्चर, मित्राच्या वाढदिवसाची वर्गणी. बुधवारी संपले तर रविवारपर्यंत संपलेले. दहा वर्षांपुढच्या मुलाला स्वतःच्या सहीने चालवायचं बचत खातं उघडता येतं. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना तशी मोकळीक दिलीय, रकमेच्या मर्यादा त्या-त्या बँकेच्या. मे महिन्यात एक सकाळ त्यासाठी काढा. फॉर्म त्यालाच भरू द्या. स्लिपवर अक्षरी रक्कम लिहिताना खाडाखोड होईल, काउंटरवरचे साहेब दुसरी स्लिप घेऊन या म्हणतील, तो तुमच्याकडे बघेल. तुम्ही पंख्याकडे बघा.

दहावीच्या अभ्यासाचा आणि या सगळ्याचा संबंध नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पुस्तकं उघडावीत. राज्य मंडळाच्या गणित भाग एकमध्ये 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरणच आहे: जीएसटी, शेअर्स. पोरं त्यातली उदाहरणं फटाफट सोडवतात आणि घरातल्या किराणा बिलावर खाली छापलेला सीजीएसटी-एसजीएसटी कधी वाचत नाहीत. विज्ञान भाग एकमध्ये 'विद्युतधारेचे परिणाम' आहे, त्यात फ्यूज आहे, शॉर्टसर्किट आहे. मी पहिल्या वर्षाच्या वर्गात दर वर्षी विचारायचो, "घरातली लाइट गेली आणि शेजारी आहे, तर काय कराल?" ओहमचा नियम तोंडपाठ असलेल्या वर्गातून बहुतेकदा एकच उत्तर यायचं, "सर, पप्पांना सांगू." मुलाला एकदा मीटरपाशी न्या. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण, कुठली खाली पडलीय ते दाखवा. का पडली असेल ते त्याला विचारा: एकाच एक्स्टेंशनवर इस्त्री आणि गीझर लावलेत का? आधी ते काढायचे, मग एमसीबी वर करायची, आणि परत पडली तर हात न लावता वायरमनला बोलवायचं. दहा मिनिटांत तो धडा त्याच्या डोक्यात असा बसेल की पुन्हा वाचायची गरज नाही.

हे काही माझं डोकं नाही. हाताने काम करत शिकायचं म्हणून महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली. आपल्याच पुणे जिल्ह्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला अभ्यासक्रम राज्यातल्या कितीतरी शाळांत गेला, ज्यात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक-आरोग्य असलं काम करतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितलेत. कागदावर सगळं आहे. आणि आपल्याकडे 'कार्यानुभव' या विषयाचं काय झालं ते प्रत्येक आईला ठाऊक आहे: रात्री अकरा वाजता थर्माकोल कापत आई बसलेली असते आणि चिरंजीव झोपलेले असतात. त्या कामाचे मार्क खरं तर आईच्या प्रगतिपुस्तकात पडायला हवेत.

आता स्वयंपाकघर, म्हणजेच सासूबाई.

त्यांच्याशी वाद घालू नका; वाद घातलात तर तो मुलगा दोघींच्या मधला विषय होऊन बसेल आणि आरामात सोफ्यावर बसून मॅच बघेल. त्यांनाच गुरू करा. "आई, पुढे शिकायला बाहेरगावी गेला तर मेसचं खाऊन पोट बिघडवून घेईल, तुमच्या हातचा वरणभात तरी शिकवा त्याला" असं म्हणून बघा. नातवाने भांडी घासलेली न खपणारी आजी नातवाच्या पोटासाठी पाघळते, हा माझा अनेक घरांतला अनुभव. आजी शिकवतात त्या नेटाने आपण शिकवूही शकत नाही. तांदूळ तीनदा धुवायचे, पाणी पांढरट दिसेनासं होईतो; एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी; डाळीत चिमूट हळद, हिंग; कुकरच्या झाकणाची रिंग बसलीय का, शिट्टीचं भोक मोकळं आहे का ते उजेडाकडे धरून बघायचं. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, आणि वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. याच बैठकीत गॅसचंही सांगून टाका: वास आला तर बटण, पंखा, काडी कशालाही हात लावायचा नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं आणि गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, १९०६ ला, फोन करायचा.

तुम्हाला मुलगी असती तर हा प्रश्न तुम्ही कदाचित विचारलाच नसता, कारण तिला नववीपर्यंत कुकर लावता आला असता आणि तिचे ९४ टक्के त्यामुळे कमी झाले असते असं कोणी म्हटलं नसतं. एवढं मिस्टरांना एकदा शांतपणे सांगा. त्यांच्याकडून एकच अपेक्षा ठेवा: जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलायचं. बापाचं ताट टेबलावर तसंच पडलेलं असताना पोराला केलेला उपदेश पोराच्या कानापर्यंत पोचत नाही.

दहावीच्या वर्षात हे थांबवायचं का? माझं उत्तर, थांबवू नका, नवं काही लादू मात्र नका. जे काम त्याच्या नावावर झालंय ते चालू ठेवा, फक्त सराव परीक्षा आणि बोर्डाचे दिवस सोडून. बसून बसून डोकं आंबलेलं असतं तेव्हा अर्धा तास बाजारात जाऊन आलेला मुलगा परत पुस्तकापाशी ताजा बसतो, हे मी वसतिगृहात इतक्यांदा पाहिलंय की त्यासाठी मला दुसरा पुरावा लागत नाही. आणि ज्या वर्षी घरात सगळे आपल्याभोवती कुजबुजत चालतात, टीव्ही बंद, पाहुणे बंद, त्या वर्षी मुलाच्या मनात एकच बसतं: मी म्हणजे माझे मार्क. मार्क कमी पडले तर मग उरतं काय? घरात आपल्यावाचून अडणारं एखादं साधं काम असलं की तेवढा एक पाय जमिनीवर राहतो. शिवाय बोर्ड आता सहा विषयांतले उत्तम पाच धरून टक्के काढतं, प्रत्येक विषयातले वीस गुण शाळेच्या हातात असतात. पाव तासाच्या कामाने त्यात काही उलथापालथ होत नाही.

एक सावधगिरी. आधीच तो नीट झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, चिडचिड किंवा एकदम गप्प राहणं वाढलं असेल, तर त्याच्यावर जबाबदाऱ्या टाकायची ही वेळ नव्हे. आधी क्लासचा भार उतरवा, त्याच्याशी बोला, शाळेतल्या समुपदेशकांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीत आणि मोफत बोलता येतं, पालकांनाही. आणि दुसरं, शहरात हल्ली 'लाइफ स्किल्स'चे क्लास निघालेत, शनिवार-रविवार, शेवटी प्रमाणपत्र. मुलाला ताट घासायला शिकवण्यासाठी फी भरून, गाडीने सोडून, बाहेर दोन तास थांबून, परत आणून घरी त्याचं ताट आपणच घासायचं, यापेक्षा मोठा विनोद मी तरी ऐकलेला नाही.

परीक्षा संपून जून उजाडेपर्यंत तुमच्या हातात दीडेक महिना आहे. दहावीच्या व्हेकेशन बॅचला जाणार असेलच, जाऊ दे. पहिल्या आठवड्यात भाजी त्याच्या नावावर करा. मग रविवारचा भात, आजींच्या देखरेखीखाली. बँकेची ती सकाळ. नंतर एकदा त्याला एकट्याला एसटीने मामाकडे किंवा आत्याकडे पाठवा, दोन-तीन तासांच्या अंतरावर. स्टँडवर गाडी कुठल्या फलाटाला लागते ते त्यानेच चौकशीच्या खिडकीवर विचारायचं, पोचल्यावर एक फोन, मधले फोन तुम्ही करायचे नाहीत. तुम्हालाच ते जास्त कठीण जाईल. आणि घरात कोणाला डॉक्टरकडे जायचं असेल, आजींचं बीपी तपासायचं असेल, तर त्याला सोबत पाठवा: केसपेपर तो काढेल, गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या कुठल्या ते तो विचारून घेईल, घरी येऊन आजींना डबीत भरून देईल.

पहिल्या रविवारी भात बहुधा खाली लागेल. दही घालून खा, काही बोलू नका. कुकरमधलं ते करपलेलं भांडं मात्र पाणी घालून भिजत ठेवायला त्यालाच सांगा, आणि दुसऱ्या दिवशी क्लासहून आल्यावर घासायलाही.